हिवाळी मुक्काम

जुन्या चांदा जिल्ह्याची, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीची, ख्याती उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेला म्हणजे वर्तमानपत्रांना चंद्रपूरची आठवण होते आणि पहिला पाऊस पडताच ती विरून जाते. त्यामुळे याच भूभागात, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आणि पूर्वेस थेट इंद्रावतीपर्यंत पसरलेल्या अरण्यात, मार्गशीर्ष-पौषाच्या रात्री दात वाजविणारी थंडी पडते असे सांगितले तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती अतिशयोक्ती वाटण्याचा संभव आहे. हिमालयातील थंडीशी तिची तुलना नाही, हे खरे. तथापि नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि अशी शीतलहर उत्तरेकडून आली म्हणजे ती नागपूरच्या वेशीवर थबकत नाही.

अलीकडे या थंडीशी एका नव्या प्रकारच्या प्रवाशाची गाठ पडू लागली आहे. वापरून जुनी झालेली एखादी मॅटाडोर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर घ्यावी, तिच्यातील बाके काढून टाकून तेथे फळ्यांची शेज, लहानसा ओटा, पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी बसवावी, आणि वीज, नळ व हॉटेल यांपैकी कशाचाही आश्रय न घेता रानाच्या कडेला चार दिवस राहून यावे, असा हा छंद आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आखून त्याला मान्यतेची मोहोरही उमटविली. या लोकांचा उत्साह वाखाणण्याजोगा आहे. परंतु त्यांच्या तयारीचे स्वरूप पाहिले म्हणजे असे वाटते, की त्यांची सारी भिस्त गाडीवर असते आणि जागेचा विचार ते जवळजवळ करीतच नाहीत. या प्रदेशात पूर्वी ज्यांनी तंबूत आणि बैलगाडीत हिवाळे काढले त्यांचा क्रम नेमका उलटा होता.

प्रथम ही थंडी येते कोठून ते पाहू. हिवाळ्यात येथील आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो आणि हवा कोरडी असते. अशा रात्री भूमी दिवसभर साठविलेली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडीत राहते. मेघांचे पांघरूण असते तर त्यातील बराच भाग परत आला असता, तो येत नाही. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, लाकडी पेटीत टांगलेला असतो. त्याच रात्री उघड्या मैदानातील गवताच्या पात्याजवळ तापमान त्याहून दोन ते पाच अंशांनी कमी भरते. पुढे असे होते, की ही गार झालेली, म्हणून जड झालेली हवा पाण्याप्रमाणे उतारावरून ओघळत सखल भागात जाऊन साचते. नदीचे पात्र, नाल्याचा काठ, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीखालचा धानाच्या बांध्यांचा पट्टा, ही या प्रदेशातील सर्वांत रम्य स्थळे पहाटे सर्वांत गारठलेली असतात. सागाचे कोवळे रोप कडाक्याच्या थंडीने करपते, त्यामुळे लागवड करणाऱ्या वनाधिकाऱ्यांना अशा खोलगट जागांचा धाक असतो. हौशी प्रवासी मात्र सायंकाळी पाणी पाहून तेथेच गाडी उभी करतो.

नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतर पाऊणशे-ऐंशी वर्षे या जिल्ह्याचा कारभार हिवाळ्यात कचेरीतून फारसा चालतच नसे, तो दौऱ्यावर चाले. जमाबंदीचे अधिकारी, जंगल खात्याचे साहेब, पोलीस, सर्वजण पावसाळा सरून चिखल वाळला की बाहेर पडत. पावसाळ्यानंतरचे पहिले दोन महिने जंगलात हिवतापाचे मानले जात आणि त्या काळी अहेरी किंवा भामरागडकडे पाय टाकण्यास धाडसी माणूसही कचरे. म्हणजे आज आपण ज्या थंडीपासून संरक्षणाची तजवीज करतो, तीच त्या लोकांच्या लेखी जंगलात शिरण्याचा परवाना होती. तंबूंचे दोन संच असत. एका संचात साहेब झोपलेला असताना दुसरा रात्रीच बैलगाड्यांतून पुढच्या मुक्कामाकडे निघे, आणि सकाळी घोड्यावरून तो तेथे पोहोचेपर्यंत कनाती ताणलेल्या, पाणी तापलेले आणि दफ्तर उघडलेले असे. या थाटामागे गावकऱ्यांकडून सक्तीने घेतलेली बेगार आणि फुकटची रसद असे, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांची संगत मला रुचत नाही. पण मुक्कामाची जागा निवडण्याचे त्यांचे शास्त्र चोख होते. तंबू पाण्यापासून हाकेच्या अंतरावर पण पाण्याच्या पातळीपेक्षा बराच वर, आणि शक्य तोवर गावच्या आमराईत पडे. आमराई का, याचे उत्तर आता पदार्थविज्ञान देते: आंबा हिवाळ्यात पानगळ होऊ देत नाही, आणि दाट पर्णभाराखाली निजणाऱ्याची उष्णता थंड आकाशाकडे न जाता पानांवर अडते. तोच तंबू पन्नास पावलांवर मोकळ्या माळात ठोकला असता पहाटे त्याच्या छतावरून दहिवर टपकले असते.

हे ज्ञान साहेबांच्या पुस्तकांतच कोंडलेले होते असे नाही. दिवाळीनंतरच्या भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे याच अरण्यप्रदेशात, मंडई नावाच्या जत्रांचा आणि त्याबरोबर नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले वडसा, हे नाटक मंडळ्यांचे केंद्र. तेथून निघालेल्या मंडळ्या नट, वाद्ये, पडदे आणि कपड्यांच्या ट्रंका गाडीत भरून रोज नव्या गावी जातात, रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालवितात आणि झोप गाडीत उरकतात. प्रेक्षक चटई, धुस्सा आणि चादर घरून घेऊन येतो. ऐन थंडीत एवढा जनसमुदाय रात्रभर जमिनीवर बसू शकतो याचे रहस्य नाट्यप्रेमात जितके आहे तितकेच डोक्यावरच्या मंडपात, खालच्या चटईत आणि शेजाऱ्याच्या खांद्यात आहे. गाडी ही झोपण्याची जागा आहे, पण थंडीपासूनचे संरक्षण नव्हे, हे या नटांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

चाकांवर बिऱ्हाड करणारा या जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे बाबा आमटे. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहावे किंवा आडवे पडावे, एवढेच दोन पर्याय उरले होते. १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून सायकलस्वार तरुण-तरुणींसह ‘भारत जोडो’ यात्रा निघाली तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या वयाला टेकलेले बाबा आडवे पडता येईल अशी सोय केलेल्या गाडीतून त्यांच्याबरोबर होते. रुग्णशय्येला चाके लावून तिच्यावरून देश पालथा घालणाऱ्या माणसापुढे आपल्या हौशी प्रवासाच्या अडचणी सांगण्याचा संकोचच वाटतो. तरी त्या सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांपैकी एखादी प्राणावर बेतणारी आहे.

मोटारीची भिंत म्हणजे सुमारे एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा. पोलाद लाकडापेक्षा शेकडो पटींनी अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून बाहेरची थंडी आत यायला पत्र्याचा जवळजवळ अडथळाच नसतो. उलट निरभ्र आकाशाखाली उभ्या असलेल्या गाडीचे छत भोवतीच्या हवेपेक्षाही अधिक थंड होते. कुडाच्या, मातीने लिंपलेल्या माडिया आदिवासींच्या झोपडीत पहाटे जी ऊब उरते ती या यंत्रात उरत नाही. जुन्या गाडीत आणखी एक उणीव असते: दाराचे रबर वाळून भेगाळलेले, तळाच्या पत्र्याला गंजाने पडलेली छिद्रे, आणि कोणीतरी पूर्वी आतून मारलेल्या प्लायवुडमागे काहीच न भरल्यामुळे राहिलेली पोकळी.

परंतु या पत्र्याच्या घराचा खरा शत्रू थंडी नसून ओल आहे. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात अडीचशे-तीनशे ग्रॅम पाणी बाष्परूपाने हवेत सोडतो; दोघे असतील तर अर्धा लिटर झाले. आता गाडीच्या आतील पोकळी दहा घनमीटर धरली तर वीस अंश तापमानाला तिच्यातील हवा पावणेदोनशे ग्रॅम बाष्प पेलू शकते, आणि पाच अंशांना जेमतेम सत्तर ग्रॅम. उरलेले पाणी कोठे जाणार? ते छताच्या आतील बाजूवर, काचांवर आणि खिळ्यांच्या डोक्यांवर थेंबांच्या रूपाने साचते आणि पहाटे तीनच्या सुमारास निजलेल्याच्या कपाळावर पडते. त्यातच कोणी ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवली, तर एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते, हे त्याच्या गावीही नसते. अशा रीतीने माणूस उबेसाठी इंधन जाळतो आणि अंथरूण भिजवून घेतो. ओले पांघरूण कोरड्या थंडीपेक्षा कितीतरी अधिक त्रासदायक असते.

यावर उपाय जुनेच आहेत आणि चंद्रपूरच्या बाजारात व गडचिरोलीच्या शेतात मिळणारे आहेत. धानाच्या मळणीनंतर तणसाचे ढीग गावोगाव असतात. कोरडी तणस पोत्यात भरून गादीखाली वीतभर जाड अंथरली म्हणजे तळाच्या पत्र्याचा गारठा अंगापर्यंत येत नाही. भिंतींना आतून बांबूचे तट्टे लावून त्यांच्यामागे थर्मोकोल किंवा फोम भरला तर छताचे टपकणे बरेच कमी होते. पुढची मोठी काच हे सर्वांत थंड छिद्र. चालकाच्या आसनामागे जाड घोंगडीचा पडदा सोडून तो भाग रात्रीपुरता घरातून वगळून टाकावा. आणि हे सर्व केल्यावर समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन-दोन बोटे उघड्या ठेवाव्यात. हा शेवटचा सल्ला ऐकून लोक हसतात. एवढ्या खटपटीने अडविलेली थंडी पुन्हा आत घ्यायची काय, असे ते विचारतात. होय, घ्यायची, कारण बाष्प बाहेर जाण्यास दुसरा मार्ग नाही, आणि दुसरे कारण याहून गंभीर आहे.

बंद जागेत कोळशाची शेगडी धुमसत ठेवून झोपणे म्हणजे मृत्यूला आत घेऊन कडी लावणे होय. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन आणि गंधहीन असतो; रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी आतुरतेने त्याला धरून ठेवते, आणि प्रथम डोके दुखणे, मग मळमळ, मग अनावर झोप या क्रमाने माणूस न जागताच संपतो. धूर दिसत नाही म्हणून निखारे निर्धोक, ही समजूत खोटी आहे. धूर नसलेला निखाराच अधिक फसवा. ऊब यावी म्हणून रात्री इंजिन चालू ठेवणेही तितकेच घातक, कारण जुन्या गाडीच्या सायलेन्सरला आणि तळाच्या पत्र्याला छिद्रे असतात आणि तो वायू तेथून वर येतो. हा वायू ओळखून घंटा वाजविणारे लहान यंत्र बाजारात मिळते. सुखसोयींच्या साऱ्या वस्तूंपूर्वी ते विकत घ्यावे.

मग शेकोटी बाहेर पेटवावी काय? वस्तीत, गावकऱ्यांच्या शेकोटीजवळ बसण्यासारखे सुख नाही. पण राखीव जंगलात विस्तव पेटविण्यास १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार मज्जाव आहे, आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा त्याहून कठोर आहे. जानेवारी उलटला की सागाची मोठाली पाने गळू लागतात आणि जमिनीवर वाळलेल्या पानांचा थर चढतो. अशा वेळी एक ठिणगी किती दूर जाईल याचा नेम नसतो. शेकोटीची दुसरी बाजू भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे पाहावयास मिळते. २३ डिसेंबर १९७३ रोजी, म्हणजे ऐन थंडीत, तेथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला आणि पुढे वर्षानुवर्षे विजेशिवाय, कंदिलाच्या उजेडात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथील दवाखाना चालविला. अंगावर पुरेसे कापड नसलेला माणूस शेकोटीला बिलगून निजतो आणि झोपेत कूस बदलताना विस्तवात जातो; अशा भाजलेल्या रुग्णांवर त्या दवाखान्यात उपचार होत आले आहेत. ज्याला पांघरूण विकत घेणे शक्य आहे त्याने विस्तवाच्या इतके जवळ निजण्याचे कारण नाही.

ऊब साठवून ठेवण्याचा निर्धोक उपाय अगदी साधा आहे. झोपण्यापूर्वी, दार उघडे ठेवून, दोन लिटर पाणी तापवावे आणि रबरी पिशवीत भरून पायांशी ठेवावे. तेच काम विजेकडून करून घ्यायचे तर हिशेब निराशाजनक आहे. शंभर अँपिअर-तासांची साधी बॅटरी बाराशे वॉट-तास वीज साठविते. तिला अर्ध्याहून अधिक रिकामी केले तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हाती सहाशे उरतात, आणि थंडीत त्यातीलही काही हिस्सा कमी होतो. हजार वॉटचा हीटर हे भांडार अर्ध्या तासात संपवील. दिवे, फोन आणि एखादा रेडिओ यांना मात्र ते दोन रात्री सहज पुरते.

सौर पट्टीच्या बाबतीत या प्रदेशातील हिवाळा एक विचित्र पेच घालतो. डिसेंबरात दिवस अकरा तासांचा, आणि मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांपलीकडे चढत नाही. छतावर आडवी ठोकलेली पट्टी दुपारच्या उन्हाचाही चौथा हिस्सा वाया घालविते. नदीकाठी धुके असले तर सकाळचे दोन तास त्यातून वजा. म्हणजे पट्टीला मोकळे आकाश हवे, आणि झोपणाऱ्याला, आमराईच्या न्यायाने, आकाशाचा आडोसा हवा. दोघांना एकाच छताशी जखडल्यास कोणीतरी एक उपाशी राहणार. म्हणून पट्टी छतावर न ठोकता सुटी ठेवावी, दहा-पंधरा मीटर वायरीने जोडावी आणि दक्षिणेकडे तोंड करून कललेल्या अवस्थेत उन्हात मांडावी. गाडी झाडाखाली राहू द्यावी. मात्र झाड निवडताना वर मान करून वाळलेली फांदी नाही ना, हे पाहावे.

युरोप-अमेरिकेतील अशा प्रवाशांना नळ्यांतील पाणी गोठून त्या फुटण्याची धास्ती असते, लडाखात डिझेल घट्ट होते म्हणून इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल तेथे पोहोचविले. चंद्रपूरकराला या दोन्ही चिंता नाहीत.

त्याच्या चिंता निराळ्या आहेत. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात खाजगी गाडी रात्री उभी करण्याचा प्रश्नच नाही. पण वाघ प्रकल्पाच्या सीमेवरील फलक वाचून थांबत नाही, आणि चंद्रपूर जिल्ह्यात प्रकल्पाबाहेरच्या शेतशिवारातही त्याचा वावर आहे. रात्री गाडीबाहेर उतरण्याची गरज पडू नये अशी व्यवस्था सायंकाळीच करावी. गडचिरोलीत ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेल्या रानटी हत्तींचा कळप फिरतो आहे. हत्तीला धानाचा वास दुरून येतो, तेव्हा शेतातील धानाच्या पुंजण्याशेजारी गाडी लावणे म्हणजे त्याच्या ताटाशेजारी अंथरूण घालणे. पत्रा त्याच्यापुढे काहीच नव्हे. दक्षिणेकडील आणि पूर्वेकडील भागात नक्षलवादाच्या दीर्घ इतिहासामुळे रात्री अनोळखी गाडी रस्त्याकडेला उभी दिसली तर पोलीस चौकशी करतात, आणि ती करणे त्यांचे कर्तव्यच आहे. जवळच्या ठाण्यात आधी वर्दी दिलेली बरी.

सर्वांत उत्तम मुक्काम गावातच. वनविभागाच्या विश्रामगृहाचे आवार परवानगीने मिळाले तर ठीक. नाहीतर सरळ गावात जाऊन विचारावे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला; त्यानंतर जिल्ह्यातील शेकडो गावांच्या ग्रामसभा आपापल्या जंगलाच्या धनी झाल्या आहेत. तेव्हा जे रान आपल्याला बेवारस भासते त्याला बहुधा मालक असतो, आणि त्याची सभा भरते. साहेबांच्या दौऱ्यात हुकूम पुढे जाई आणि मुक्काम मागून येई. आताच्या प्रवाशाने विनंती पुढे पाठवावी. परवानगी मिळाली की वाऱ्याची दिशा, पाण्याची वाट आणि पहाटे सर्वांत गार पडणारे शिवार यांची माहितीही त्याच ओट्यावर मिळते, आणि ती कोणत्याही यंत्रापेक्षा विश्वसनीय असते.

कागदपत्रांचे एक कलम राहिले. गाडीच्या रचनेत मनास येईल तसा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते. बाके काढून घर थाटण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन ती नोंदणीपुस्तकात चढवून घ्यावी. खाजगी गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्या वेळी तपासणीस हा फेरफार दिसणारच.

आता सकाळ. थंडीने इंजिनातील तेल दाट झालेले असते, जुन्या डिझेल गाडीचे हीटर प्लग अर्धे मेलेले असतात, आणि रात्री दिवे व फोन ज्या बॅटरीवर चालविले त्याच बॅटरीवर सेल्फ मारायचा असेल तर तो एकदा कण्हतो आणि गप्प होतो. मग धक्का मारण्यासाठी चार माणसे शोधावी लागतात, आणि अशा गारठ्यात कोणी आपली शेकोटी सोडून लगबगीने येईल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून घराची बॅटरी वेगळी आणि इंजिनाची वेगळी असावी, आणि इंजिन बंद असताना दोन्हींमधील जोड तोडणारा खटका असावा. कोणताही ऑटो इलेक्ट्रिशियन तो बसवून देतो. इंजिन सुरू झाले तरी तत्काळ निघण्याची घाई करू नये. प्राणहितेच्या आणि वैनगंगेच्या काठच्या रस्त्यांवर धुके असताना समोरची बैलगाडी दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. तेवढ्या वेळात गाद्या, पोती आणि घोंगड्या बाहेर काढून उन्हात घालाव्यात, दारे सताड उघडावीत आणि छतावरचे पाणी फडक्याने पुसून घ्यावे. कारण आज न वाळलेले अंथरूण उद्याच्या मुक्कामावर कोरडे होणार नाही.